डाव्या खांद्यावरचा वळ

"गाडी मीच चालवत होतो," दवाखान्यातल्या पलंगावरून बाईंचा नवरा हवालदाराला तिसऱ्यांदा म्हणाला. बाई मात्र त्याच्या उघड्या छातीकडे बघत होत्या. सकाळीच त्यांनी वर्गात शिकवलं होतं: खांबाला धडकून गाडी थांबते, माणूस त्याच वेगाने पुढे जातो, पट्टा त्याला अडवतो आणि वळ उठतो. चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. नवऱ्याचा वळ डाव्या खांद्यावरून उतरला होता. शेजारी सोळा वर्षांची लेक आपला उजवा खांदा हाताने झाकून उभी होती.

"आमचा पोरगा तुमच्याच वर्गात आहे," हवालदार म्हणाला. "म्हणतो, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. तुम्हाला काही खटकतंय का?"

"छे हो," म्हणत बाईंनी पांघरूण नवऱ्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. "यांना जरा थंडी वाजतेय."