मुकादमाची शिट्टी

उजाडायच्या आत थोरलीने आपलं पोतं धाकट्या जावेच्या वाट्याच्या वाळूवर रिकामं केलं आणि पायानेच बाटल्या इकडेतिकडे लोटल्या. काल समुद्रावर आलेल्या पर्यटकांचा कचरा होता तो. तिनेच गोळा केलेला. एकेक बाटली टाचेखाली चेपून तिला झाकण घट्ट लावायची ही थोरलीची चौदा वर्षांची सवय. तेवढ्याच पोत्यात दुप्पट माल मावतो.

आज पालिकेचे मोठे साहेब किनाऱ्याची सफाई बघायला येणार होते. ज्या बाईचं काम डोळ्यांत भरेल तिला मुकादमाची शिट्टी मिळणार, असं आधीच कळलं होतं. धाकटीला इथे येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, पण जो तो तिचंच कौतुक करायचा. घरी सासूसुद्धा. थोरलीच्या पोटात दुखायचं, ते काय उगाच?

साहेब हातमोजे चढवूनच उतरले. मागे फोटोवाले. पहिल्यांदा थोरलीच्या भागात शिरले. वाळू इतकी लख्ख, की औषधालाही कागद सापडेना. साहेबांना तर स्वतःच्या हाताने कचरा उचलताना फोटो हवा होता. रिकामी पिशवी घेऊन ते पाचेक मिनिटं घुटमळले. मग त्यांची नजर पलीकडे गेली.

"तिकडे चला. काम तिकडे आहे."

सगळा लवाजमा तिकडे वळला. साहेबांनी बाटल्या उचलल्या, धाकटीने पिशवी धरली, फोटो निघाले.

"एवढा पसारा ही बाई एकटी आवरते?" साहेब म्हणाले आणि त्यांनी शिट्टी धाकटीच्या गळ्यात घातली. टाळ्या पडल्या. थोरलीनेही वाजवल्या. न वाजवून करते काय! डोळ्यांसमोर मात्र ती शिट्टीच लोंबकळत होती.

गाड्या गेल्या. थोरली झाडू उचलून निघाली, तशी धाकटी मागून आली. तिच्या हातात एक चपटी बाटली होती, झाकण घट्ट लावलेली. ती तिने थोरलीच्या पोत्यात टाकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी न चेपता टाका. चेपून वर झाकण लावणारा पर्यटक अजून जन्माला यायचाय."