बिनकोंबड्याची अंडी

"आजी, ही पोल्ट्रीची अंडी. कोंबड्याशिवाय घातलेली, यात जीवच नाही. माळकऱ्यांनीही खावीत," अंड्यांच्या प्रचाराला आलेले साहेब म्हणाले.

माळकरी बनुबाईचं टाळकं फिरलं. "आमच्या खुडूक कोंबडीखाली ठिवते. पिल्लू न्हाई निघालं, तर गावादेखत माळ काढून खाईन!"

दिवस भरले. गाव अंगणात जमलं. डालग्यात नुसती फुटकी, कोरडी टरफलं. पिल्लू एकही नाही. साहेबांनी हसत उकडलेलं अंडं पुढं केलं. बनुबाईचा हात माळेकडं गेला.

तेवढ्यात कोंबडी पंख फुलवून उठली. कुक्‌कुक्‌ करत, मागं वळूनवळून बघत अंगणभर फिरली. तिच्यामागं अंगणात टाकलेल्या ज्वारीच्या कण्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या.

बनुबाईनं माळेवरचा हात काढला.

"साहेब, पाय उचला. खाली चिवचिवतंय."