नवा पत्ता

दार वाजलं तशी ब्रिनने कॉफीचा कप आधी सिंकमध्ये उपडा केला. घर सोडून सहा वर्षं झाली होती, चर्चची पायरी चढूनही तितकीच. तरी दार वाजलं की चर्चला वर्ज्य असलेली कॉफी लपवायला हात आपोआप कपाकडे जायचा.

दारात इथल्या चर्चमधल्या सिस्टर ओल्पिन होत्या, हातात घरी भाजलेल्या पावाची गरम लादी घेऊन. ब्रिनला स्पोकेनला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. त्याआधी रीनोत आणि बॉइझीतही हेच झालं होतं. मॉर्मन घरात जन्मलेल्याला पळून जाता येईल एकवेळ, पण हरवता काही येत नाही. सामान लागायच्या आत चर्चमधली कुणीतरी बाई पाव घेऊन हजर व्हायचीच.

"पत्ता आईनंच दिला असेल," ब्रिन म्हणाली.

"मग? फोन आला होता त्यांचा." ओल्पिनबाई खुर्चीत टेकल्या. "पोरगी रागावेल, पण जाऊन या म्हणाल्या. एकटी असली की धड जेवत नाही म्हणे."

ब्रिनने पावाची लादी ओट्यावर ठेवली. चर्चच्या रीतीने महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. त्या दिवशी तिला अजूनही भूक लागत नसे, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाई हवापाण्याचं बोलल्या, शेजाऱ्यांचं बोलल्या. कॉफीचा वास त्यांना आलाच असणार, पण त्यांनी नाक मुरडलं नाही. निघताना मात्र त्या दारात थांबल्या.

"स्पष्टच सांगते बाळा. आमचं येणं नको असेल तर पत्र लिही, चर्चच्या यादीतून माझं नाव काढून टाका म्हणून. मी स्वतः पोचवते. मग आईनं कितीही फोन केले तरी तुझ्या दारात कुणी येणार नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

पत्र तयारच होतं. तीन वर्षं खणात पडलेलं, दोन ओळींचं. सही ठोकली की कायमची सुटका. ब्रिनने ते काढलं, पेनही हातात घेतलं. आणि नेमकी तेव्हाच तिला घरच्या प्रार्थनेची सोमवारची संध्याकाळ आठवली. सगळं घर एका खोलीत बसलेलं, आणि आई बेसूर, पण सगळ्यांत मोठ्या आवाजात भजन म्हणतेय. त्या भजनातला देव तिच्या मनातून कधीच उतरला होता. त्या खोलीसाठी मात्र तिचा जीव तुटायचा.

तिने पत्र परत खणात टाकलं.

"आईला वाईट वाटेल," ती म्हणाली.

"वाटणारच. आई आहे ती," म्हणत बाई पायऱ्या उतरल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ब्रिनची बदली टकोमाला झाली. खोकी अजून बांधलेलीच होती. ती जमिनीवर बसली, तिथल्या चर्चचा नंबर लावला, घसा खाकरला आणि युटातल्या आपल्या खेड्यातल्या बायकांसारखे शब्द ओढत बोलू लागली.

"मी ब्रिनची आई बोलतेय. पोरगी तुमच्या गावात आलीय, एकटीच आहे. रागावेल ती, पण जाऊन या एकदा."

आईला जाऊन त्या मे महिन्यात चार वर्षं झाली होती.