पळसाखालची जागा

दिवाळी सरल्यावर पुंजाजीनं बायकोला नव्या तलावाकाठचा बगीचा दाखवायला आणलं. मालेगावची मंडळी तिथं हवा खात फिरत होती. त्याच तलावाच्या बांधावर दुष्काळात या दोघांनी मातीची टोपली वाहिली होती. भरल्या पाण्याकडे बघत गंगूनं विचारलं, "अवो, आपल्या लेकराले कुठी पुरलं होतं तुमी?" तान्ह्याच्या मातीला बाया जात नाहीत, म्हणून जागा त्यालाच ठाऊक. त्यानं पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं, "तथी, पयसाखाली." "मंग हा बांध घालत होतो तवा काहून नाई सांगतलं मले?" "सांगतलं असतं तं टोपलं उचललं असतं तुनं? अन् खाल्लं काय असतं आपण?" ती काठाकाठानं चालत राहिली. दोघं पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिनं पुन्हा विचारलं. पळसाचा शेंडाही दिसेना. त्याचं बोट पाण्यावर फिरत राहिलं. गंगूनं ते मुठीत धरून खाली घेतलं. "दिसलं बरं मले," ती म्हणाली. "चाला."