सुटलेला बॉल

पोह्यांची बशी हातात तशीच धरून रणधीर मान खाली घालून बसला होता. आला होता मुलगी बघायला, पण चर्चा चालली होती कालच्या फुटबॉल फायनलची. बॅकला खेळताना त्याच्या पायातून बॉल सुटला, गोल झाला आणि पेठेच्या टीमचा कप गेला.

"ज्याला एक बॉल सांभाळता येईना, तो माझी पोरगी काय सांभाळणार?" मुलीचे आबा म्हणाले. तेही त्याच पेठेचे.

"आबा, फायनलपर्यंत पोचलो कुणाच्या जिवावर?" रणधीरचे मामा म्हणाले. "आपल्या फॉरवर्डनं तर मोकळा गोल घालवला. त्याला कोण बोललं का?"

"फॉरवर्ड चुकला तर गोल हुकतो. बॅक चुकला की गोल बसतो."

रणधीरनं बशी खाली ठेवली.

चहा घेऊन आलेली शुभदा दारातच थांबली होती. "आबा, मीपण मॅच बघत होते," ती म्हणाली. "बॉल सुटल्यावर बाकीचे सगळे डोक्याला हात लावून उभे राहिले. हे एकटेच त्याच्यामागं पळाले, पार जाळीत पडेपर्यंत."

आबांनी रणधीरची बशी उचलली. मग त्यांनी आत हाक दिली,

"अगं, पोहे गार झाले. पावण्यांना गरम आण."