राक्षसाचं हाड
सांगिरान गावच्या शेतात सापडणारी जुनी हाडं राक्षसांची असतात आणि ती उगाळून प्यायली की दुखणं पळतं, असं सासू सांगायची. म्हणून वागियेम अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला, सार्जोनोला, आठवडाभर असा एक तुकडा उगाळून पाजत होती. आज संग्रहालयातल्या साहेबांनी उरलेला तुकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. “वहिनी, राक्षस कसला? ही माणसाची कवटी आहे, लाखो वर्षांपूर्वीची. कुठं मिळाली?” “नदीकाठी वाहून आली होती. मूळची जागा कुणाला ठाऊक?” “मला ठाऊक,” दारातून सार्जोनो म्हणाला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या पायांवर उभा होता. न अडखळता तो दोघांना दरडीपाशी घेऊन गेला, खाली बसला आणि मातीवरून हात फिरवत राहिला. “हळू खणा, साहेब. आमची धाकटी झोपलीय.” वागियेमला कधी मूल झालंच नव्हतं.