हो आता बाजूला

सूर्य पाखराच्या पाठीमागे असला की फोटोत पाखरू म्हणजे नुसता कोळशाचा तुकडा. पाखरूकाकांचं मात्र एक पीसही कधी काळं आलं नाही. गल्लीनं त्यांना हे नाव उगाच नव्हतं दिलं. त्यांची युक्ती साधी होती. पाखरू यायच्या आधी ते त्याच्या फांदीपुढं काकूंना उभं करायचे आणि काकूंचा चेहरा लख्ख दिसेपर्यंत फोटो काढून बघत कॅमेऱ्यातला उजेड वाढवत राहायचे.

"अहो, पाखराच्या जागी उभं केलंयत, तर चार दाणे तरी टाका की पुढ्यात!" काकू म्हणायच्या.

"जमलं. हो आता बाजूला," काका म्हणायचे, आणि काकू येऊन कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहायच्या.

अशी वीस वर्षं गेली. काकू गेल्यावर आठवड्याभरानं लेक म्हणाली, "बाबा, माझ्याकडे आईचे सगळे फोटो घोळक्यातले. तिचा एकटीचा एखादा द्या, फ्रेम करून आणते."

काकांनी कॉम्प्युटर उघडला. खंड्या, वेडा राघू, बगळे. हजारोंनी पाखरं, एकापेक्षा एक लख्ख.

"आणि आईला उभं करून काढायचात, ते कुठायत?"

"ते लगेच पुसायचो. कार्ड भरतं ना."

काकांना रडूसुद्धा आलं नाही.



लेक तिच्या घरी गेल्यावर ते एकेक पाखरू मोठं करून त्याच्या डोळ्यात बघत बसले, कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या काकू कुठं दिसतात का म्हणून.